डिसेक्शन हॉलमध्ये पाऊल टाकण्याआधी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रवेशाच्या फेऱ्या संपल्या की मिरज, सांगली, कराड, सातारा या पट्ट्यातल्या वैद्यकीय महाविद्यालयांत नवी मुलं येतात आणि पहिल्या आठवड्यापासून तेच प्रश्न सुरू होतात. काही मुलं स्वतः विचारतात, काहींच्या वतीने आईवडील फोन करतात. बरेचसे प्रश्न कोणी विचारतच नाही, ते डिसेक्शन हॉलच्या, म्हणजे मृतदेह उघडून शरीराची रचना शिकतात त्या खोलीच्या, दाराशी घुटमळणाऱ्या मुलांच्या चेहऱ्यावर दिसतात. मी याच भागात ॲनाटॉमी, म्हणजे शरीररचनाशास्त्र, शिकवते. उत्तरं माझी आहेत, कुठल्याही महाविद्यालयाची अधिकृत भूमिका नव्हे. नियम तुमच्या विभागाचे पाळा, बाकीचं इथे वाचा.

पहिल्या दिवशी नक्की काय होतं?

बहुतेक ठिकाणी सुरुवात शपथेने होते. सगळी बॅच उभी राहते आणि समोरच्या देहाचा मान राखू, त्याची खाजगी बाब बाहेर बोलणार नाही, शिकलेलं रुग्णांच्या कामी आणू, अशी शपथ एकत्र म्हणते. काही विभागांत फुलं वाहतात, काही ठिकाणी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहतात. २०१९ पासून लागू झालेल्या अभ्यासक्रमात ‘शव हा आपला पहिला गुरू’ या विषयाला स्वतंत्र प्रकरण आहे, त्यामुळे हा आता नुसता रिवाज राहिलेला नाही.

मग मामा, म्हणजे हॉलचे कर्मचारी, टेबलावरचं प्लास्टिक आणि कापड बाजूला करतात. हॉलमधल्या मामांना जितकं कळतं तितकं कुणालाच कळत नाही, हे तुम्हाला वर्षभरात उमगेल, म्हणून पहिल्या दिवसापासून त्यांच्याशी नीट वागा. देह करड्या-तपकिरी रंगाचा, थंड आणि कडक असतो. झोपलेल्या माणसासारखा तो दिसत नाही, आणि बऱ्याच मुलांची निम्मी भीती तिथेच ओसरते. चेहरा सहसा झाकलेला असतो, कारण डोकं-मान हा भाग शेवटाकडे येतो.

बहुतेक महाविद्यालयांत पहिलं काम छातीवर आणि हातावर असतं. गळ्याखालच्या खाचेपासून छातीच्या हाडाच्या टोकापर्यंत मधोमध एक छेद, तिथून कॉलरबोनवरून खांद्याकडे दुसरा. छातीवरची कातडी मुलांना वाटते त्यापेक्षा पातळ असते. पहिल्यांदा हात एकतर इतका हलका पडतो की नुसता ओरखडा उठतो, नाहीतर इतका जड की थेट स्नायूपर्यंत जातो. दोन्ही चालतं.

मला फार भीती वाटते. मी डॉक्टर व्हायच्या लायकीचा नाही का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि विचारणारा मुलगा खाली मान घालून विचारतो. म्हणून आधी स्पष्ट सांगते: भीती वाटण्याचा आणि चांगला डॉक्टर होण्याचा काडीमात्र संबंध नाही. अठरा वर्षांचं पोर, कालपर्यंत ‘नीट’च्या बहुपर्यायी प्रश्नांत बुडालेलं, घरात आजोबा वारले तेव्हाही ज्याला लांब बसवलं होतं, त्याला आज अनोळखी माणसाच्या देहासमोर उभं केलं आहे. त्याला काहीच वाटलं नाही तर मला जास्त काळजी वाटेल.

निरनिराळ्या देशांतल्या विद्यार्थ्यांच्या पाहण्यांमध्ये चित्र साधारण एकच दिसतं. सुरुवातीला अस्वस्थता, वासाचा त्रास, काहींना झोप न लागणं, तेच तेच डोळ्यांसमोर येणं. काही आठवड्यांत बहुतेकांचं हे कमी होतं, आणि वर्षाच्या शेवटी विचारलं तर बहुसंख्य मुलं डिसेक्शन ठेवाच म्हणतात. माझाही अनुभव तोच आहे.

पण ‘सवय होते’ एवढ्यावर मी हे सोडणार नाही. सवय दोन प्रकारची होते. एका सवयीत हात स्थिर होतो आणि समोर माणूस आहे हे भान राहतं. दुसरीत भान जातं आणि ‘टेबल नंबर तीनची बॉडी’ एवढंच उरतं. तुमची अस्वस्थता पहिल्या सवयीकडे नेणारी आहे. ती दाबू नका, मित्रांशी बोला, आमच्याशी बोला. एका वर्षी एका टेबलावर वयस्क बाईंचा देह होता. मनगटाच्या वर हिरवं गोंदण, तुळशीवृंदावनाचं. फॉर्मलिनमध्ये, म्हणजे देह टिकवणाऱ्या द्रावणात, राहूनही ते जसंच्या तसं दिसत होतं, कारण गोंदणाचा रंग त्वचेच्या खोल थरात बसतो. त्या टेबलावरची मुलं त्या हाताची कातडी उलटवायला धजेनात. मी घाई केली नाही. त्यांनी आधी दुसरा हात पूर्ण केला, मग आपणहून इकडे आली. गोंदणाचा तेवढा तुकडा त्यांनी वेगळा सोडवून कापडाखाली जपून ठेवला. ती मुलं मागे पडली नाहीत, त्यांचा तो हात हॉलमधला सगळ्यात स्वच्छ डिसेक्ट केलेला हात होता.

झोप, जेवण, अभ्यास यांवर तीन-चार आठवड्यांनंतरही परिणाम दिसत असेल, किंवा नुकताच घरात मृत्यू झालेला असेल, तर शिक्षकांना किंवा मेंटॉरना जरूर सांगा. अशा मुलांना थोडी सवलत देता येते, आणि आम्ही ती देतो.

चक्कर आली किंवा उलटी झाली तर?

खाली बसा. उभ्याने सहन करायला जाऊ नका, पडून डोकं टेबलाच्या कडेवर आपटणं हे चक्करपेक्षा वाईट. चक्कर येणाऱ्यांत बहुतेक जण उपाशी आलेले असतात. हॉस्टेलची मेस आवडली नाही म्हणून नाश्ता टाळला, वर दोन तास उभं राहणं, वर फॉर्मलिनचा वास. पोहे खाऊन या, पाणी प्या, उभ्या उभ्या पाय हलवत राहा. यावरून कुणी कुणाला चिडवू नये.

तो वास... आणि फॉर्मलिनने कॅन्सर होतो हे खरं का?

वास देहाचा नसतो, फॉर्मलिनचा असतो. फॉर्मॅल्डिहाइड वायू पाण्यात विरघळवून फॉर्मलिन होतं. बाजारातल्या फॉर्मलिनमध्ये तो ३७ ते ४० टक्के असतो, आणि मग ते पातळ करून वापरतात. देह मिळाल्यावर मांडीतल्या किंवा मानेतल्या मोठ्या धमनीतून फॉर्मलिन, ग्लिसरीन, स्पिरिट, फिनॉल असं मिश्रण आत सोडतात आणि नंतर देह टाकीत ठेवतात. प्रथिनं एकमेकांत घट्ट गुंफली जातात, म्हणून कुजणं थांबतं, आणि त्याच कारणाने शरीर कडक होतं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लपवण्यात अर्थ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये फॉर्मॅल्डिहाइडला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं. हे वर्गीकरण पुरावा किती पक्का आहे ते सांगतं. तुमच्या एका वर्षात धोका किती, हे त्यातून कळत नाही. तो धोका किती वाफ, किती वेळ, हवा किती खेळती यावर ठरतो. वर्षानुवर्षं रोज हॉलमध्ये वावरणारे मामा आणि शिक्षक यांचा प्रश्न तुमच्यापेक्षा गंभीर आहे. म्हणून पंखे, एक्झॉस्ट, उघड्या खिडक्या यांची मागणी विद्यार्थ्यांनी जरूर करावी. ती नाजूकपणाची तक्रार नाही.

तुम्ही काय करायचं ते असं. लेन्स लावत असाल तर हॉलमध्ये चष्मा घाला. हातमोजे नायट्राइलचे घ्या, ते फॉर्मलिनला जास्त दाद देत नाहीत. साधा सर्जिकल मास्क वाफ अडवत नाही, त्यावर विसंबू नका. केस बांधा आणि झाका, वास केसांतच जास्त बसतो. हॉलचा एप्रन वेगळा ठेवा, तोच घालून मेसमध्ये किंवा मिरज-सांगली बसमध्ये जाऊ नका. डोळ्यांतून पाणी आलं तर बाहेर जाऊन साध्या पाण्याने धुवा, मोज्याच्या हाताने चोळू नका.

मटण खाता येईना झालंय. हे नॉर्मल आहे का?

हो. बऱ्याच जणांचं काही दिवस असं होतं. बहुतेकांचं पूर्ववत होतं, काही जण कायमचे सोडतात. दोन्हीत काही बिघडत नाही. जैन किंवा लिंगायत घरांतल्या मुलांचे पालक विचारतात की शाकाहारी मुलीला हे झेपेल का. आहाराचा आणि झेपण्याचा काहीही संबंध मला आजवर दिसलेला नाही.

हे देह येतात कुठून?

दोन वाटांनी. एक म्हणजे देहदान: माणसाने जिवंतपणी इच्छा नोंदवलेली असते आणि मृत्यूनंतर घरचे ती पूर्ण करतात. दुसरी वाट बेवारस देहांची. रुग्णालयात किंवा सार्वजनिक ठिकाणी मृत्यू झाला आणि ठरावीक मुदतीत जवळचं कोणी ताबा घ्यायला आलं नाही, तर तो देह मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थेला देता येतो. त्यासाठी आपल्याकडे १९४९ चा शरीररचनाशास्त्र कायदा आहे, तेव्हाच्या मुंबई राज्याने केलेला.

हा कायदा का लागला त्यामागे मोठा इतिहास आहे. ब्रिटनमध्ये डिसेक्शनसाठी देह मिळेनात म्हणून थडगी उकरली जात. १८२८ मध्ये एडिंबरात बर्क आणि हेअर या दोघांनी तर माणसं मारून देह विकले. त्यानंतर १८३२ मध्ये तिथे कायदा झाला. आपल्याकडे १८३६ मध्ये कलकत्त्यात पंडित मधुसूदन गुप्तांनी समाजाचा विरोध पत्करून डिसेक्शन केलं. मुंबईचं ग्रँट मेडिकल कॉलेज त्यानंतर नऊ वर्षांनी, १८४५ मध्ये सुरू झालं.

माझं स्वतःचं मत: बेवारस माणसाने आपला देह आपल्याला दिलेला नाही, तो आपण घेतला आहे. कायद्याने ते योग्य आहे, तरी टेबलाशी उभं राहताना हा फरक लक्षात असावा. दान दिलेल्या माणसाचे आभार मानता येतात. ज्याला कोणी विचारलंच नाही, त्याच्या बाबतीत आपली जबाबदारी वाढते.

हे पोस्टमॉर्टेमच ना?

नाही. पोस्टमॉर्टेम मृत्यूचं कारण शोधायला, काही तासांत, पोलिसांच्या किंवा रुग्णालयाच्या सांगण्यावरून होतं. इथे देह अनेक महिने जपला जातो आणि उद्देश निव्वळ शिकण्याचा असतो. पोस्टमॉर्टेम झालेला देह सहसा डिसेक्शनला घेतच नाहीत, कारण आतली रचना आधीच उघडलेली असते आणि औषध रक्तवाहिन्यांतून नीट पोचत नाही.

एका टेबलाभोवती इतकी मुलं असतात की माझ्या हातात स्काल्पेल (कापायची सुरी) येतच नाही. मग उपयोग काय?

पालक भीतीबद्दल विचारतात, पण मला वर्षभर छळणारा प्रश्न हा आहे. टेबलाभोवती पंधरा-वीस मुलं. त्यांतली तीन-चार धीट असतात, ती पहिल्या आठवड्यात पुढे सरकतात आणि वर्षभर तिथेच राहतात. बाकीची त्यांच्या खांद्यांवरून बघतात, मग मोबाइलवर बघतात, मग भिंतीला टेकतात. वर्षाच्या शेवटी याच मुलांना विचारलं तर ती म्हणतात की डिसेक्शनमध्ये वेळ गेला, त्यापेक्षा व्हिडिओ बरे. त्यांचं बरोबरच आहे, कारण त्यांनी डिसेक्शन केलेलंच नसतं. डिसेक्शन आवडणारी आणि न आवडणारी मुलं यांत मला घाबरट आणि धीट असा फरक दिसत नाही. हात लावलेली आणि न लावलेली, असा दिसतो.

यात आमचाही वाटा आहे. पूर्वी एमबीबीएसचं पहिलं वर्ष दीड वर्षाचं होतं, १९९७ च्या नियमांनी ते एका वर्षावर आलं. जागा वाढल्या, देह त्या प्रमाणात वाढले नाहीत, शिक्षकही कमी. मग शिक्षकाने आधीच करून ठेवलेला भाग दाखवायचा आणि मुलांनी वहीत उतरवायचा, अशी पद्धत रुळते. घाईच्या आठवड्यात मीही ते करते, पण ते डिसेक्शनच्या जागी चालत नाही.

म्हणून टेबलावरच पाळी लावून घ्या. आज दोघांनी कापायचं, एकाने पुस्तकातला क्रम मोठ्याने वाचायचा, एकाने सापडलेलं सगळ्यांना दाखवून सांगायचं. उद्या माणसं बदलायची. ही यादी टेबलाला चिकटवा आणि मोडली तर भांडा. पुढे उभ्या राहणाऱ्यांनीही ऐकावं: तुम्ही वाईट मुलं नाही, पण मागे उभी असलेली तासगावची किंवा खटावची मुलगी तुम्हाला ‘जरा सरक’ म्हणणार नाही. तुम्हीच सरका.

पण पुस्तकात, व्हिडिओत नाही असं हॉलमध्ये काय मिळतं?

एक उदाहरण नीट सांगते. काखेत ब्रॅकियल प्लेक्सस असतो, हाताला जाणाऱ्या सगळ्या नर्व्हचं (मज्जातंतूंचं) जाळं. पुस्तकात तो पिवळा, धमनी लाल, शीर निळी. टेबलावर सगळं एकाच मळकट रंगाचं, चरबीत आणि पातळ पडद्यांत गुंडाळलेलं. इथे स्काल्पेल ठेवून द्यायचा. फॉर्सेप्सची (चिमट्याची) टोकं मिटवून आत घालायची आणि उघडायची, धाग्याच्या दिशेने, आडवी कधीच नाही. अर्धा तास नुसती चरबी निघते आणि मुलं वैतागतात. मग काहीतरी लागतं. बोटाच्या चिमटीत धरा: भरीव दोरीसारखं, आत पोकळी नाही, तर नर्व्ह. जाड भिंतीची, दाबली की परत फुलणारी पोकळ नळी, तर धमनी. चपटी, पातळ, आत काळपट गोठलेलं रक्त, तर शीर. शेवटी धमनीच्या समोर नर्व्हच्या फांद्या इंग्रजी ‘एम’ अक्षरासारख्या जुळलेल्या दिसतात, आणि टेबलावरची सगळी मुलं एकदम वाकतात. तो ‘एम’ ज्याने स्वतः मोकळा केला, तो तोंडी परीक्षेत अडखळत नाही.

आणि हे परीक्षेपुरतं नाही. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढतात. तिथेच छातीच्या भिंतीवरून खाली उतरणारी एक बारीक लांब नर्व्ह असते. ती दुखावली तर खांद्याचं पातं पाठीतून बाहेर येतं आणि हात डोक्याच्या वर नेणं अवघड होतं. ती नर्व्ह चरबीतून कशी डोकावते हे पहिल्यांदा बघण्याची जागा टेबल असावी, रुग्ण नसावा.

दुसरी गोष्ट म्हणजे माणसामाणसांतला फरक. पुस्तकात एकच शरीर असतं, हॉलमध्ये प्रत्येक टेबलावर वेगळं. एका देहात दंडाची धमनी कोपराच्या बरीच वर दुभंगलेली, दुसऱ्यात मूत्रपिंडाला एकाऐवजी दोन धमन्या. हे तुमच्याही शरीरात बघता येईल. अंगठ्याचं आणि करंगळीचं टोक एकमेकांना लावा आणि मनगट थोडं आत वाकवा. मनगटाच्या मधोमध एक दोरी वर उठली तर तो पामारिस लाँगस या स्नायूचा कंडरा, म्हणजे त्याचं दोरीसारखं टोक. काहींना तो एका हाताला नसतो, काहींना दोन्ही हातांना नसतो, आणि त्यांचं काही अडत नाही. म्हणूनच दुसरीकडे कंडरा जोडायचा असेल तेव्हा शल्यचिकित्सक हाच काढून वापरतात. वर्गात हे करायला लावलं की अर्धा वर्ग शेजाऱ्याचं मनगट बघतो. डिसेक्शनचं कुतूहल तिथून सुरू होतं.

चुकून काहीतरी तुटलं तर?

तुटतंच. प्रामाणिकपणे सांगा, दोन्ही टोकं धाग्याने बांधून ठेवा, दुसऱ्या बाजूला तोच भाग जपून करा. टाकून द्यायचं मात्र काही नाही. कातडी, चरबी, पडदे, जे निघेल ते त्या देहासाठी ठेवलेल्या डब्यातच. शेवटी सगळं एकत्र जातं.

मग त्या मोठ्या स्क्रीनच्या टेबलांचं काय? मॉडेल, प्लास्टिनेशन?

हवीत. स्क्रीनवर शरीराचे आडवे छेद एकामागून एक बघता येतात, आणि सीटी-एमआरआय वाचायला ते फार उपयोगी पडतं. चुकलं तर पुन्हा करता येतं, रात्री होस्टेलवरही बघता येतं. गुंटर फॉन हागेन्स यांनी १९७७ मध्ये जर्मनीत प्लास्टिनेशन शोधलं. त्यात ऊतीतलं पाणी आणि चरबी काढून तिथे प्लास्टिक भरतात. असे नमुने कोरडे, बिनवासाचे आणि वर्षानुवर्षं टिकणारे असतात. ऑस्ट्रियात ग्राझ इथे वॉल्टर थील यांनी देह मऊ आणि लवचिक ठेवणारी पद्धत १९९२ मध्ये मांडली, शस्त्रक्रियेच्या सरावाला ती फॉर्मलिनपेक्षा सरस आहे.

पण कोविडच्या काळात हॉल बंद होते आणि मुलं घरी पडद्यावर ॲनाटॉमी शिकली. ती मुलं परत आली तेव्हा नावं त्यांना पाठ होती, बोटांना मात्र काहीच ठाऊक नव्हतं. आमच्या भागात तरी दोन्ही हवं, आणि पैसे एकाच गोष्टीला असतील तर आधी हॉलची हवा, दिवे आणि हत्यारं नीट करावीत.

काही मुलं हसतात, टोपणनावं ठेवतात. आणि फोटो?

हसणं पुष्कळदा भीतीतून येतं, ते मला कळतं. दोन-चार दिवस मी दुर्लक्ष करते. देहाला टोपणनाव ठेवणं मात्र मी पहिल्याच वेळी थांबवते, कारण ते एकदा चिकटलं की वर्षभर राहतं. काही विभाग मुलांना सांगतात की देहाला गुरुजी किंवा आजी म्हणा. मला त्याची गरज वाटत नाही, ‘हे’ आणि ‘ह्या’ म्हटलं तरी पुरे.

फोटो अजिबात नाही. चेहरा दिसत नसला तरी नाही, ‘फक्त ग्रुपवर’ असला तरी नाही. तो देह कुणाच्या तरी वडिलांचा असू शकतो, आणि आपला जिल्हा इतका मोठा नाही की फोटो त्या घरापर्यंत पोचणार नाही.

मुलीला पुरुषाच्या देहावर काम करायचा संकोच वाटतो.

मुलांनाही बाईंच्या देहाजवळ वाटतो, ते बोलत नाहीत एवढंच. पोट आणि ओटीपोटाच्या भागापर्यंत पोचायला काही महिने लागतात आणि तोवर संकोच बराच कमी झालेला असतो. तरी मिश्र बॅचमध्ये कुणी जाणूनबुजून अस्वस्थ करणारं बोललं, तर तो संकोचाचा विषय राहत नाही, तक्रारीचा होतो. ती करा. ज्या भागावर काम चालू नाही तो नेहमी झाकलेला ठेवा. तो मान देहाचाही आहे आणि टेबलावरच्या सगळ्यांचाही.

सुतक लागतं का? घरी आल्यावर आंघोळ? आणि हाडांचा सेट घरात आणला तर आई रागावते.

शिकण्यासाठी हात लावल्याने सुतक लागतं असं मी मानत नाही. पण आजीशी वाद घालत बसू नका. फॉर्मलिनचा वास घालवायला आंघोळ करायचीच आहे, ती दारातून आल्या आल्या केली की तिचंही समाधान होतं.

हाडांचं थोडं वेगळं आहे. खरी हाडं सीनियरकडून ज्युनियरकडे जात आली आहेत, आणि ती कुणाची, कुठून आली हे कुणालाच सांगता येत नाही. आपल्या देशातून पूर्वी मानवी सांगाडे परदेशी जात, १९८५ मध्ये त्या निर्यातीवर बंदी आली. माझा सल्ला असा: खरी हाडं विभागात बसून वाचा, घरी प्लास्टिकचा सेट ठेवा. आईला मान देऊन तिच्या म्हणण्याला होकार द्या, या बाबतीत ती बरोबर आहे. खऱ्या हाडांवरचे खडबडीत कंगोरे, जिथे स्नायू चिकटतात, ते प्लास्टिकवर नीट उठत नाहीत, म्हणून विभागात यायचा आळस मात्र करू नका.

मी मराठी माध्यमाचा आहे. नावंच लक्षात राहत नाहीत.

पहिले दोन महिने मराठीतून समजून घ्या. टेबलावर एकमेकांना मराठीतच सांगा: ‘ही इथून निघते, या स्नायूच्या खालून जाते, इथे दोन भाग होतात.’ रचना डोक्यात बसली की नाव चिकटवायला वेळ लागत नाही. उलट क्रमाने करणारी मुलं नावं म्हणून दाखवतात, आणि समोर पिन टोचून ‘हे काय?’ विचारलं की गप्प होतात.

बीएएमएसच्या, म्हणजे आयुर्वेदाच्या, मुलांनाही डिसेक्शन असतं का?

असतं, पहिल्या वर्षाच्या रचना शारीर विषयात. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात तर पद्धतच दिलेली आहे. देह गवताने किंवा सालींनी गुंडाळून पिंजऱ्यात ठेवायचा आणि संथ वाहत्या पाण्यात आडोशाला सोडायचा. सात रात्रींनी तो मऊ झाला की वाळ्याच्या किंवा बांबूच्या कुंचल्याने हळूहळू घासत एकेक थर बघायचा. शास्त्र नुसतं ऐकून चालत नाही, डोळ्यांनीही बघावं लागतं, हे तिथे स्वच्छ म्हटलं आहे.

वर्ष संपल्यावर देहाचं काय करतात?

जपून ठेवलेले सर्व भाग एकत्र करून महाविद्यालय दहन किंवा दफन करतं. सहसा ते नातेवाइकांकडे परत देत नाहीत, म्हणून ज्यांना अस्थी हव्या असतील त्यांनी देहदानाच्या आधीच विभागाशी बोलावं. निरोपाला विद्यार्थी असावेत असं मला मनापासून वाटतं, आणि तसं होत नसेल तर विद्यार्थ्यांनी मागावं.

आमच्या घरच्यांना देहदान करायचं आहे. काय करावं?

जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या ॲनाटॉमी विभागात जा. मिरजेचं शासकीय महाविद्यालय १९६२ पासून आहे. शिवाय सांगली, कराड आणि आता साताऱ्यातही महाविद्यालयं आहेत. फॉर्म साधा असतो: इच्छा, सही, साक्षीदार, त्यांत एक जवळचा नातेवाईक. पैसे देणं-घेणं नसतं. पण फॉर्म भरून कपाटात ठेवणं सगळ्यात निरुपयोगी. मृत्यूनंतर निर्णय प्रत्यक्षात घरच्यांच्या हातात असतो, म्हणून मुलं, सुना, भाऊ सगळ्यांना आधी सांगा. फॉर्म भरलेला नसला तरी घरच्यांची संमती असेल तर बहुतेक ठिकाणी देह स्वीकारतात.

त्या वेळी डॉक्टरांकडून मृत्यूच्या कारणाचा दाखला घ्या, विभागाला फोन करा आणि शक्य तितक्या लवकर, काही तासांत, देह पोचवा. उन्हाळ्यात आणखी घाई करा. नेत्रदान आधी करता येतं, ते सहा तासांच्या आत. पोलीस केस, पोस्टमॉर्टेम, काही संसर्ग किंवा खूप चिघळलेल्या जखमा असतील तर विभाग नकार देऊ शकतो. तो तुमच्या माणसाचा अपमान नाही. घरी अंत्यदर्शन करता येतं, दहाव्याचे विधी गुरुजींशी बोलून करता येतात, बरीच घरं तसं करतात.

मी इथलाच आहे. ओळखीच्या माणसाचा देह माझ्या टेबलावर आला तर?

होऊ शकतं, कारण देणारेही इथले आणि शिकणारेही इथले. देह टाकीत बरेच महिने राहून मगच टेबलावर येतो आणि रंगरूप बदललेलं असतं, त्यामुळे ओळख पटणं कठीण असतं, पण अशक्य नाही. नात्यातल्या कुणी तुमच्याच महाविद्यालयाला देहदान केलं असेल तर वर्ष सुरू होतानाच विभागप्रमुखांना सांगा, तो देह तुमच्या बॅचला दिला जाणार नाही किंवा दुसऱ्या महाविद्यालयाकडे पाठवता येतो का ते पाहिलं जाईल. अचानक लक्षात आलं तर काहीही न बोलता टेबलापासून बाजूला या आणि शिक्षकांना एकटं गाठा. टेबल त्याच दिवशी बदलून मिळतं. कारण बाकीच्या मुलांना सांगायचं नसेल तर आम्हीही सांगत नाही, आणि त्या दिवशी रजा हवी असेल तर मागा, अर्ज नंतर दिला तरी चालतो.